उजव्या पानावरचा मजकूर

प्रिय मुली,



इलिनॉय विद्यापीठातल्या उन्हाळी कार्यशाळेसाठी तुझी निवड झाल्याचं तुझ्या पत्रातून कळलं आणि दिवसभर मी त्याच आनंदात होते. रशियन ज्यूंच्या इतिहासावर काम करणारे, अजून पहिलं पुस्तकही न झालेले संशोधक जगात असतील तरी किती! त्यातल्या थोड्यांना एका खोलीत बसवून जाणती माणसं शिकवणार, आणि त्या खोलीत तू असणार. पण तुझं पत्र जवळजवळ सगळं तिथे वाचायच्या, युक्रेनमधल्या अनाथ ज्यू मुलांवरच्या निबंधाबद्दल आहे. प्रस्तावना लांबली का, सिद्धान्ताचा भाग कमी पडतो का, समोर कोण कोण बसलेलं असेल. निबंध चांगला आहे, त्याला आता हात लावू नकोस. निबंध वर्षभरात कुठेही वाचता येतो. जे नीट शिकवायला आपल्याकडे माणूस मिळत नाही ते शिकायला तू चालली आहेस, आणि मला लिहायचंय ते त्याबद्दल.

एक वही डोळ्यांसमोर आण. १८३५च्या कायद्यानं रशियन साम्राज्यातल्या ज्यू वस्त्यांना जन्म, विवाह, घटस्फोट आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणं बंधनकारक झालं. पुढे हे काम सरकारमान्य रब्बीच्या गळ्यात पडलं. वही उघडली की डावं पान रशियन, उजवं पान हिब्रू. माणूस तोच, दिवस तोच. डाव्या पानावर ‘मोव्शा, इत्स्कोचा मुलगा’ एवढंच असेल, तर उजव्या पानावर ‘मोशे बेन यित्सखाक हाकोहेन’ असं असू शकतं. ते शेवटचं ‘हाकोहेन’ डावीकडे पुष्कळदा येतच नाही. कोहेन म्हणजे पुरोहितकुळातला पुरुष, आणि धर्मशास्त्राप्रमाणे त्याला घटस्फोटितेशी लग्न करता येत नाही. एखादं ठरलेलं लग्न का मोडलं, याचं उत्तर फक्त डाव्या पानावर शोधणारा अभ्यासक गरिबी, हुंडा, घरातला कलह अशी कारणं जोडत बसतो, आणि खरं कारण शेजारच्या पानावर शाईत लिहिलेलं असतं. चेरान फ्रीझ यांचं रशियन साम्राज्यातल्या ज्यू विवाह आणि घटस्फोटांवरचं २००२चं पुस्तक तू वाचलंयस. ते पुन्हा वाच, या वेळी तळटिपांसाठी. कुठला दाखला कुठल्या भाषेतून आलाय एवढंच बघत जा.

आपल्या क्षेत्रात डावं पान वाचणारे पुष्कळ झाले आहेत. त्याला कारणही आहे. १९९१ नंतर सोव्हिएत अभिलेखागारांची दारं उघडली आणि ज्याला रशियन येत होतं तो आत शिरला. त्यातून फार मोठं काम झालं, ते मी कमी लेखणार नाही. १८८१-८२चे पोग्रोम, म्हणजे ज्यूंवरचे सामूहिक हल्ले, झारच्या सरकारनंच घडवून आणले, ही समजूत इतिहासकार सिमोन दुबनोव्हच्या पिढीपासून चालत आलेली होती. जॉन क्लियर यांच्यासारख्यांनी सरकारी कागदांचा ढीग उपसून ती मोडीत काढली. सरकार त्या दंगलींना घाबरलेलं होतं, गोंधळलेलं होतं, आणि नंतर दोष ज्यूंच्याच माथी मारून मोकळं झालं, हे त्या कागदांतूनच दिसलं. असं असूनही एक आकडा मनातून जाऊ देऊ नकोस. १८९७च्या जनगणनेत साम्राज्यात सुमारे ५२ लाख ज्यू होते आणि त्यांतल्या जवळपास ९७ टक्के लोकांनी आपली मातृभाषा यिद्दिश सांगितली. एवढी माणसं ज्या भाषेत भांडली, रडली, हिशेब लिहीत होती, मुलांना झोपवत होती, ती भाषा न शिकता त्यांचा इतिहास लिहायला बसणं मला अन्यायाचं वाटतं. कार्यशाळेत यिद्दिश हस्ताक्षराची तासिका असेल, आणि बहुधा ती जेवणानंतरच्या आळसावलेल्या वेळेत असेल. ती चुकवू नकोस. बाकी एखादं व्याख्यान चुकलं तरी चालेल.

छापील यिद्दिश तू वाचतेस. हस्ताक्षर ही वेगळीच गोष्ट आहे. आपल्याकडे बाळबोध वाचणारा माणूस मोडीच्या कागदापुढे कसा थबकतो, तसं तुझं पहिल्या दिवशी होईल. त्यातही सोव्हिएत काळातला कागद असेल तर आणखी एक अडचण: तिथे हिब्रूतून आलेले शब्दही उच्चाराप्रमाणे लिहायची पद्धत सुरू झाली, आणि १९३०च्या दशकात शब्दाच्या शेवटी येणारी वेगळी अक्षररूपंसुद्धा काढून टाकली गेली. वॉर्सातून छापलेलं वर्तमानपत्र आणि मिन्स्कमधून छापलेलं वर्तमानपत्र शेजारी ठेवून वाच, मग डोळा सरावेल. रशियनमध्येही १९१८च्या सुधारणेआधीचं लेखन वेगळं, हे तुला ठाऊक आहे. पण तारखांकडे तू अजून पुरेसं लक्ष देत नाहीस. किशिनेवचा पोग्रोम रशियन कागदांत ६ आणि ७ एप्रिल १९०३ला झालेला सापडेल, आणि लंडन-न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रांत १९ आणि २० एप्रिलला. विसाव्या शतकात हा फरक १३ दिवसांचा, एकोणिसाव्यात १२ दिवसांचा. त्यात स्थानिक ज्यू कागदावर हिब्रू तिथी असेल तर तिसरा हिशेब. प्रत्येक टिपणावर तारीख कुठल्या पंचांगाची ते तिथल्या तिथे लिहून ठेव. घरी आल्यावर आठवत नाही.

किशिनेवचं नाव निघालंच आहे, तर त्याबद्दल सविस्तर लिहिते. तुझ्या विषयाला ते फार जवळचं आहे.

त्या दंगलीत ४९ ज्यू मारले गेले. ओदेसातल्या ज्यू विचारवंतांनी (सिमोन दुबनोव्ह त्यांत होते) एक ऐतिहासिक समिती नेमली आणि साक्षी टिपून आणायला तिशीच्या उंबरठ्यावरच्या एका कवीला पाठवलं: हाइम नाखमान बियालिक. तो घरोघर हिंडला. बायकांचं, म्हाताऱ्यांचं, दुकानदारांचं ऐकून त्यानं वह्यांमागून वह्या भरल्या. परत आला आणि अपेक्षित अहवाल लिहिण्याऐवजी त्यानं हिब्रूत एक दीर्घ कविता लिहिली, ‘कत्तलीच्या नगरीत’. तिनं एक पिढी पेटून उठली. ज्यूंची स्वसंरक्षण दलं, नवा राष्ट्रवाद, सगळ्यांच्या मागे ती कविता उभी आहे. त्या कवितेतले किशिनेवचे पुरुष दडून बसलेले आहेत. डोळ्यांदेखत बायकांवर अत्याचार होताना ते बघत राहतात, आणि कवी त्यांच्यावर चिडतो. जगानं किशिनेव असंच लक्षात ठेवलं.

वह्यांमध्ये मात्र आणखीही काही आहे. काठ्या-दंडुके घेऊन एकत्र जमलेली, रस्ता अडवून उभी राहिलेली माणसं त्या साक्षींमध्ये आहेत. बियालिकनं स्वतःच्या हातानं ते टिपलं होतं आणि कवितेत घेतलं नाही. त्याच्या हयातीत वह्या छापल्या गेल्या नाहीत. त्या हिब्रूत पुस्तकरूपानं आल्या १९९१मध्ये, म्हणजे घटनेनंतर ८८ वर्षांनी. मधल्या काळात किशिनेववर जे काही लिहिलं गेलं, त्यातलं किती तरी कवितेवर उभं होतं. स्टीव्हन झिपरस्टाइन यांचं २०१८चं पुस्तक तू अजून वाचलं नसशील तर विमानात वाच. कवीला दोष द्यायला मी हे सांगत नाहीये. कवीचं काम वेगळं. पण आपण कविता करायला बसलेलो नाही. आपल्याला वहीतल्या त्या बाईशी बांधील राहायचं आहे, जिनं आपल्या तोंडानं सांगितलं आणि जिचं सांगणं कुणाच्या तरी प्रभावी वाक्यांखाली गाडलं गेलं. तुझ्या निबंधात दोन ठिकाणी तू फार सुंदर वाक्यं लिहिली आहेस, आणि त्या दोन्ही ठिकाणी मला मूल दिसत नाही. ती वाक्यं काढ असं मी म्हणणार नाही. तिथे कुठला कागद आहे एवढं एकदा स्वतःला विचार.

आता तुझी अनाथ मुलं. १९१८ ते १९२१ या काळात युक्रेनमध्ये किती ज्यू मारले गेले, याचे अंदाज पन्नास हजारांपासून एक लाखाच्या पुढेपर्यंत जातात. मागे उरलेल्या मुलांची मोजदाद मदतसंस्थांनी केली, बोल्शेविक खात्यांनी केली, अमेरिकेतून आलेल्या मदत समितीनं केली. तू हेच तक्ते घेऊन बसली आहेस: नाव, वय, गाव, आई आहे की नाही, बाप आहे की नाही. त्यांच्याशिवाय तुझं काम होणार नाही, हे खरंच. पण तक्ता मुलाला विचारतो तेवढंच मूल सांगतं. म्हणून दुसरा कागद शोध. मॉस्कोजवळच्या मालाखोव्का इथल्या वसाहतीत पोग्रोममध्ये अनाथ झालेली मुलं राहत होती आणि १९२१च्या सुमारास मार्क शागाल त्यांना चित्रकला शिकवायला जात असे. कवी दोविद होफश्टाइन तिथे शिकवत होता, कथाकार देर निस्तरही. होफश्टाइनचा पोग्रोमवरच्या कवितांचा संग्रह १९२२मध्ये किएव्हमध्ये निघाला तो शागालच्या रेखाटनांसह. शागाल त्याच वर्षी रशिया सोडून गेला. देर निस्तर १९५०मध्ये छावणीत मेला आणि होफश्टाइनला १२ ऑगस्ट १९५२ला इतर यिद्दिश साहित्यिकांबरोबर गोळ्या घातल्या. त्या मुलांना शिकवणाऱ्या माणसांची पत्रं, आठवणी, शिक्षकांच्या मासिकांतली टिपणं यिद्दिशमध्ये आहेत. तुझ्या संदर्भसूचीत त्यांतलं एकही नाही. कार्यशाळेला जाताना एवढा एकच प्रश्न बरोबर ने: या मुलांबद्दल यिद्दिशमध्ये काय आहे आणि ते आज कुठल्या कपाटात आहे?

उजवं पान म्हणजे सत्य आणि डावं पान म्हणजे खोटं, असं मात्र समजू नकोस. तुझ्या वयाच्या हुशार मुलांना तो मोह पटकन होतो. १८२७मध्ये निकोलस पहिला यानं ज्यूंवर सैन्यभरती लादली. बारा वर्षांची पोरंसुद्धा धरून नेली जात. कुणाला द्यायचं हे ठरवत होती ती ज्यू समाजाचीच पंचायत, काहाल. तिनं श्रीमंतांची मुलं वाचवली आणि विधवांची, मोलकरणींची मुलं दिली. त्यासाठी पोरं पकडणारी माणसं ठेवली. भरती टाळायला मुलगे वहीत चढवले जात नसत, आणि मुलींची नोंद करायची गरजच कुणाला वाटत नसे. तेव्हा समाजाच्या स्वतःच्या कागदावरही कुणाचा तरी हात असतो. दोन्ही पानं वाचायची ती एवढ्याचसाठी, की एकानं गाळलेलं दुसऱ्यावर शोधता यावं, आणि दोन्हींनी गाळलेली पोर निदान आपल्या लक्षात यावी.

हे क्षेत्र मुळात उभं राहिलं ते जमवाजमव करणाऱ्यांच्या जोरावर. दुबनोव्हनं १८९१मध्ये वाचकांना आवाहन केलं: आपल्या गावातल्या वह्या, पत्रं, दफनभूमीतले लेख उतरवा, जपा, कळवा. १९०८मध्ये पीटर्सबर्गला ज्यू इतिहास आणि लोकजीवनाचा अभ्यास करणारी संस्था निघाली. नेमक्या त्याच काळात आपले राजवाडे गावोगाव दफ्तरं धुंडाळत होते आणि १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण ज्यांच्या इतिहासाचा कागद परक्या सरकारच्या ताब्यात होता त्या दोन समाजांना एकाच सुमारास तीच गरज भासली, हे मला महत्त्वाचं वाटतं. १९१२मध्ये लोकजीवनाचा अभ्यासक आन्स्की मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारं यंत्र घेऊन वोलिन आणि पोदोलियाच्या खेड्यांत शिरला. त्यानं गाणी टिपली, गोष्टी टिपल्या, भाच्याकडून छायाचित्रं काढून घेतली. माणसाच्या गर्भापासून मरणोत्तर जीवनापर्यंत सगळं विचारणारी २०८७ प्रश्नांची यिद्दिश प्रश्नावली त्यानं तयार केली. ती १९१४मध्ये छापून झाली, आणि त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाल्यानं मोहीम थांबली. त्या प्रश्नांना उत्तरं आलीच नाहीत. तरी ती प्रश्नावली वाच. अभ्यासकाला काय विचारता येतं याची माझी कल्पना त्या पुस्तिकेनं बदलली. त्या नळकांड्या आज किएव्हच्या वेर्नादस्की ग्रंथालयात आहेत. मोइसेइ बेरेगोव्स्कीनं पुढे त्यांत भर घातली आणि १९५०मध्ये त्याला स्वतःलाच अटक झाली, पुढे तो छावणीत गेला.

तुझ्या पोग्रोमच्या कागदांची गोष्टही अशीच. १९१९मध्ये, हत्या चालू असतानाच, किएव्हमध्ये एलियाहू चेरिकोव्हर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साक्षी गोळा करायला सुरुवात केली. तो संग्रह बर्लिनला गेला, नाझी आल्यावर पॅरिसला, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यातला वाचलेला भाग न्यू यॉर्कला यिव्हो संस्थेत पोहोचला. तो पोहोचवण्यात झोसा शायकोव्स्की नावाच्या तरुणाचा मोठा वाटा होता. हाच शायकोव्स्की नंतर इतिहासकार झाला आणि फ्रान्सच्या अभिलेखागारांतून, ग्रंथालयांतून ज्यू इतिहासाचे कागद चोरत राहिला. ते त्यानं अमेरिकेतल्या ग्रंथालयांना विकले. १९६१मध्ये स्त्रासबूर्गला पकडला गेला, १९७८मध्ये न्यू यॉर्कला पुन्हा पकडला गेला आणि त्यानं आयुष्य संपवलं. लिसा लेफ यांनी त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. मी ते वाचून कित्येक दिवस अस्वस्थ होते. ज्या हातांनी कागद आगीतून काढला त्याच हातांनी तो वहीतून फाडला, आणि दोन्ही वेळी त्याला आपण ज्यू इतिहासाची सेवा करतोय असंच वाटत असणार. कागद वाचवणं आणि कागद आपला मानणं यांत फार थोडं अंतर आहे. तू चोरी करशील असं माझ्या मनातही नाही. पण तरुण अभ्यासक आजही एक गोष्ट करतात: अभिलेखागारात काढलेली छायाचित्रं स्वतःच्या संगणकात दडवून ठेवतात. आपलं पुस्तक निघेपर्यंत दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून क्रमांकसुद्धा सांगत नाहीत. तू तसं करू नकोस. कार्यशाळेच्या पहिल्याच आठवड्यात तुझ्याकडच्या कागदांची यादी, फोंद (संग्रह), ओपिस (सूची), देलो (फाइल) आणि पानाच्या क्रमांकासह, बाकीच्यांना देऊन टाक. बदल्यात काय मिळेल याचा विचार न करता दे. या घडीला तर ते कर्तव्यच आहे.

या घडीला म्हणण्याचं कारण तुला माहीत आहे. २०२२च्या फेब्रुवारीपासून युक्रेनमध्ये युद्ध चालू आहे. त्या वर्षाच्या शेवटी खेरसनमधून माघार घेण्याआधी रशियन सैन्यानं तिथल्या राज्य अभिलेखागाराचा मोठा भाग उचलून नेला. खेरसन परगण्यात ज्यू शेतकऱ्यांच्या वसाहती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून होत्या; त्या भागावर काम करणाऱ्यांनी आता काय करायचं? मॉस्को-पीटर्सबर्गची दालनं बाहेरच्या बहुतेकांना बंद झाल्यासारखीच आहेत. युक्रेनमधल्या अभिलेखागारांत कर्मचारी हल्ल्यांचे भोंगे वाजत असतानाही कागदांच्या डिजिटल प्रती काढताहेत. म्हणजे एखाद्या अभ्यासकानं दहा वर्षांपूर्वी काढून ठेवलेली छायाचित्रं ही कधी कधी त्या कागदाची एकमेव हाती असलेली प्रत असू शकते.

कार्यशाळेच्या त्या खोलीत खारकिव्हहून निघून आलेली मुलगी असेल आणि मॉस्को सोडून आलेला मुलगाही असेल. दोघांशी सारख्याच आस्थेनं वाग, पण दोघांचं सारखंच झालं असं बोलू नकोस, कारण ते तसं नाही. पहिल्या भेटीत कुणाला घरच्यांबद्दल विचारू नकोस. सांगायचं तेव्हा ते सांगतील. गावांची नावं लिहिताना काळजी घे. आजच्या गावाबद्दल लिहिताना आजचं युक्रेनियन नाव, १९१९च्या कागदाबद्दल लिहिताना कागदावरचं नाव आणि लगेच पुढे आजचं, आणि ज्यू लोक गावाला काय म्हणत ते यिद्दिश नावही. तीन नावं दिल्यानं वाक्य लांबतं. लांबू दे.

अर्बाना-शॅम्पेनच्या ग्रंथालयात स्लाव्हिक भाषांचा संग्रह अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहांपैकी एक आहे, आणि बाहेरच्या अभ्यासकांसाठी तिथे १९७३पासून उन्हाळी संशोधनाची सोय आहे. तिथल्या स्लाव्हिक संदर्भसेवेतल्या ग्रंथपालांना भेटायला शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नकोस. पहिल्या दिवशी जा. जाताना ज्यांचा पत्ता तुला लागत नाही असे अर्धवट संदर्भ लिहून ने: लेखकाचं आडनाव आहे पण वर्ष नाही, मासिकाचं नाव आहे पण अंक नाही, असे. ‘मला पोग्रोमवर सगळं हवंय’ असं कुणाला विचारू नये. ‘मालाखोव्का वसाहतीचा उल्लेख असलेली यिद्दिश शैक्षणिक मासिकं, १९२० ते १९२५’ असं विचारावं. नेमकं विचारलंस तर ती माणसं तुझ्यासाठी जिवाचं रान करतील. आणि त्यांचे आभार ग्रंथाच्या प्रस्तावनेत नावानिशी मान, ‘ग्रंथालयाचे कर्मचारी’ असं एका ओळीत उरकू नकोस.

पुढे कधी खऱ्या कागदासमोर बसायला मिळेल तेव्हा एक सवय ठेव. सोव्हिएत पद्धतीच्या प्रत्येक फायलीला एक वापरपत्र जोडलेलं असतं. ती फाइल आधी कुणी, कधी, कशासाठी वाचली याची नोंद त्यावर असते. मजकुराआधी ते वाच. कधी एखादं ओळखीचं नाव दिसेल, कधी कित्येक वर्षांची मोकळी जागा दिसेल. आपल्या आधी कोण येऊन गेलं ते कळलं की माणूस ‘हे मीच शोधलं’ असं लिहायला जरा कचरतो.

तू विचारलं आहेस, मुंबईची मुलगी या विषयात कशी, असं कुणी म्हटलं तर काय सांगू? ज्याचे पूर्वज त्या समाजातले नाहीत अशा माणसाला परक्यांचा इतिहास लिहायचा हक्क आहे का, हा तुझा खरा प्रश्न आहे. मला वाटतं, हक्क भाषेनं मिळतो. तू यिद्दिश शिकलीस, हस्ताक्षर शिकलीस, त्या माणसांच्या सणवारांचं, कायद्याचं, जेवणाखाणाचं ज्ञान घेतलंस की हा प्रश्न कुणी विचारणार नाही. आणि ते घेतलं नाहीस तर तुझे पूर्वज बेर्दिचेव्हचे ज्यू असते तरी काही उपयोग नव्हता. अलिबाग-रेवदंड्याचे बेने इस्राएल आपल्या ओळखीचे आहेत म्हणून पोदोलियाचे ज्यू आपल्याला कळतात, असं मात्र कधी बोलू नकोस. सण तेच असले तरी दोघांचा इतिहास फार वेगळा आहे. कोकणातल्या ज्यूंनी पोग्रोम पाहिलेला नाही.

मुंबईचा या इतिहासाशी खरा धागा आहे, तो तुला माहीत असावा म्हणून सांगते. मागदा नाखमान ही पीटर्सबर्गची चित्रकार, वडील ज्यू घराण्यातले, आई जर्मन. बाक्स्त आणि पेत्रोव-वोदकिन यांच्याकडे ती शिकली. १९१३मध्ये तिनं कवयित्री मरीना त्स्वेतायेवाचं व्यक्तिचित्र रंगवलं. क्रांतीनंतर मॉस्कोत एम. पी. टी. आचार्य या भारतीय क्रांतिकारकाशी तिचं लग्न झालं. १९२२मध्ये दोघं बर्लिनला गेली आणि नाझी राजवटीतून सुटून १९३०च्या दशकात मुंबईला आली. इथे ती चित्रं काढत राहिली, नव्या चित्रकारांमध्ये वावरली आणि १९५१मध्ये इथेच वारली. लिना बर्नस्टाइन यांनी लिहिलेलं तिचं चरित्र २०२०मध्ये निघालं. तिची मुंबईत काढलेली किती तरी चित्रं कुणाकुणाच्या घरांत असतील, ती कुणी काढली हे मालकांनाही माहीत नसेल. तुझा प्रबंध झाल्यावर यात लक्ष घाल. हे काम मुंबईत राहणारं, मराठी, इंग्रजी आणि रशियन येणारं माणूसच करू शकेल, आणि अशी माणसं फारशी नाहीत. पण कार्यशाळेत स्वतःची ओळख करून देताना हे नाव पुढे करू नकोस. तिथे तू युक्रेनमधल्या अनाथ मुलांसाठी गेली आहेस.

चर्चेबद्दल थोडंसं. दुसऱ्याचा निबंध ऐकल्यावर पहिला प्रश्न कागदाबद्दल विचार: हे कुठे सापडलं, कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं. असा प्रश्न मदत करतो आणि दुखावत नाही. तुझ्यावर टीका होईल तेव्हा उत्तर द्यायची घाई करू नकोस, लिहून घे. रोजच्या रोज पोग्रोमच्या साक्षी वाचल्यानं मन जड होतं, ते अंगावर काढू नकोस. संध्याकाळी वाचन बंद कर, सोबतच्या मुलामुलींबरोबर बाहेर पड, स्वयंपाक कर. चेरिकोव्हरच्या संग्रहातल्या साक्षी झोपण्यापूर्वी वाचायच्या नाहीत, ही माझी सक्त सूचना आहे.

जूनमध्ये तिकडे उकाडा असला तरी ग्रंथालयातला वातानुकूलित गारठा हाडांत शिरतो, तेव्हा स्वेटर हाताशी ठेव. यिद्दिश हस्ताक्षराचे सरावाचे कागद मिळाले की त्यांच्या छायाप्रती मला पाठव. इथे दोन मुली त्या लिपीसाठी माझ्याकडे येऊ लागल्या आहेत आणि शिकवायला माझ्यापाशी पुरेसे नमुने नाहीत. मालाखोव्कासंबंधी काही हाती लागलं तर, अर्धंमुर्धं का असेना, लगेच लिही; नीट वाचून व्हायची वाट बघू नकोस. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
बाई